डावी सीमा, उजवी सीमा : एका रीतीची कुळकथा

कलनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आधी फलनाची सीमा येते आणि डावी व उजवी सीमा तिच्या पोटभेदांसारख्या मागाहून सांगितल्या जातात. इतिहासात मात्र या दोहोंची निकड तुटक फलनांनी, म्हणजे ज्यांचा आलेख एखाद्या बिंदूपाशी एकाएकी उडी घेतो अशा फलनांनी, निर्माण केली. अशी उडी भिवंडीच्या यंत्रमागधारकांच्या ओळखीची आहे : राज्य शासनाच्या वीजसवलतीत 27 अश्वशक्तीच्या आतील व त्यावरील जोडभारासाठी वेगवेगळे दर असल्याने, 27 कडे खालून सरकणाऱ्या जोडभाराची सवलत एका मूल्याशी टिकते आणि वरून उतरणाऱ्याची दुसऱ्या, नेमक्या 27 ला काय मिळते, याचा निवाडा शासननिर्णयाने करायचा, सीमेने नव्हे.

कोशी यांनी 1821 च्या आपल्या विश्लेषणग्रंथात, क्ष शून्याकडे जात असता 1/क्ष ला धन अनंत व ऋण अनंत अशा दोन सीमा असल्याचे नोंदवले, पण त्या वेगळ्या न काढता दुहेरी कंसाच्या एकाच चिन्हात कोंबल्या. त्यांना विलग करणे भाग पडले ते उष्णतेच्या वहनामुळे. फूरिये यांनी 1822 च्या ग्रंथात तुटक फलनेही साइन-कोसाइनच्या अनंत श्रेणींनी मांडली, तेव्हा उडीच्या जागी श्रेणीची बेरीज किती भरते हा प्रश्न उरला. डिरिक्ले यांनी 1829 मध्ये, ठरावीक अटी पाळणाऱ्या फलनांसाठी, ती दोन्ही बाजूंच्या सीमांची सरासरी असते असे सिद्ध केले, आणि सरासरी काढायची तर दोन्ही संख्या सुट्या हाती असाव्याच लागतात. एकतर्फी सीमेचा खरा जन्म येथे मानणे योग्य ठरेल. फ(अ+0) व फ(अ−0) ही चिन्हे त्यांच्याच 1837 च्या लेखातली असून, त्यांतील शून्य बेरजेचे नसून दिशेचे आहे. (बोल्झानो यांनीही 1830 च्या दशकात डावे व उजवे सांतत्य वेगळे केले होते, पण ते हस्तलिखित 1930 मध्ये छापले गेल्याने या कुळाला त्याचा वारसा लाभला नाही.)

आज वर्गात उजव्या सीमेसाठी क्ष = अ + ह आणि डावीसाठी क्ष = अ − ह असे घालून, धन ह शून्याकडे नेतात; ही डिरिक्ले यांचीच चिन्हे, फक्त शून्याच्या जागी ह आला. कोणत्याही संख्येतून तिच्याइतका किंवा तिच्याहून लहान असा सर्वांत मोठा पूर्णांक वजा करणारे फलन घेतले, तर 2 पाशी डावीकडे 2 − ह मधून 1 जाऊन 1 − ह उरतो व सीमा 1 येते. उजवीकडे 2 + ह मधून 2 जातात, ह उरतो, सीमा 0. प्रत्यक्ष 2 ला फलनाचे मूल्य 0 आहे; त्याची फूरिये श्रेणी मात्र तेथे 1/2 देते.