‘कागदावर हाय की तुमचं नाव’ : न दिलेल्या संमतीचा इतिहास

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. विद्यापीठात खर्डेकर ग्रंथालयात बसले होते आणि घरून फोन आला. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नावे एका पतसंस्थेची नोटीस आली होती. लांबच्या नात्यातल्या एकाने घेतलेलं कर्ज थकलं होतं आणि त्याचे जामीनदार म्हणून आण्णांचं नाव होतं. आण्णांना त्या कर्जाचा पत्ताच नव्हता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं संस्थेत गेलो. आण्णा म्हणाले, “मी सही केलेलीच न्हाई.” काउंटरवरच्या माणसाने फाईल उघडली, बोट ठेवलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, “काका, कागदावर हाय की तुमचं नाव.”

संस्थेचं नाव सांगण्यात अर्थ नाही, तो या लेखाचा मुद्दाही नाही. मुद्दा त्या वाक्याचा आहे. समोर जिवंत माणूस उभा राहून ‘नाही’ म्हणतोय आणि कागद ‘हो’ म्हणतोय. अशा वेळी कागदाचं वजन जास्त का भरतं? माझा पीएचडीचा विषय शेतकरी कर्जाच्या इतिहासाचा. म्हणजे मी रोज असेच कागद वाचत होते आणि त्यातली नावं निमूटपणे वहीत उतरवून घेत होते. त्या दिवसापासून माझी वाचायची पद्धत बदलली. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर हा बदल तुमच्याही कामाचा आहे.

सुरुवात जुन्या रोख्यापासून करू. मोडीतला कर्जरोखा हातात घेतला की आपण आधी रक्कम, व्याज आणि मुदत बघतो. खरी गंमत शेवटच्या दोन-तीन ओळींत असते. ‘दस्तुर खुद्द’ असेल तर माणसाने स्वतःच्या हाताने लिहिलंय. ‘बिकलम अमुक’ असेल तर लिहिणारा दुसराच आहे. आणि ‘निशाणी नांगर’ असेल तर कुळ लिहिता न येणारं, म्हणून त्याच्या नावापुढे नांगराची खूण काढलेली. खाली साक्षीदार. आता विचार करा, ही खूण कुणी काढली? शेतकऱ्याने, की रोखा लिहिणाऱ्यानेच? मजकूर त्याला वाचून दाखवला होता का? रोखा यातलं काहीच सांगत नाही. तो फक्त नाव सांगतो.

जामिनाची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. हाजीर जामीन म्हणजे माणूस हजर करण्याची हमी, मालजामीन म्हणजे पैशाची हमी. गाव लहान, माणसं तोंडओळखीची. जामीन राहिलेला माणूस चार लोकांसमोर बोललेला असायचा. म्हणून फसवणूक होत नव्हती असं नाही. पण ‘मी जामीन नाही’ असं म्हणणाऱ्याला निदान त्या चौघांना विचारा असं सांगता यायचं.

इंग्रजी कोर्टं आली आणि हे समीकरण बदललं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या, नोंदणी न केलेल्या रोख्याची मुदत ३ वर्षांवर आणली. हेतू ऋणकोच्या सोयीचा होता. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेऊ लागला. बापाचा रोखा मुलाच्या नावे फिरला, दोन रोख्यांचा एक झाला. दाव्याचं समन्स आलं तरी बरेच शेतकरी कोर्टात जातच नसत, आणि मग एकतर्फी हुकूमनामा व्हायचा. कोर्टापुढे माणूस नव्हता, फक्त कागद होता.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात दंगा झाला आणि तो पुणे-नगर भागात पसरला. हे ‘दख्खनचे दंगे’ आपण एमपीएससीच्या पुस्तकात एका ओळीत वाचतो. पण जमावाने मागितलं काय ते बघा. रोखे, हुकूमनामे, खतावण्या. जिथे कागद हवाली झाले तिथे बहुतेक ठिकाणी मारहाण झाली नाही. कागद जाळले आणि लोक घरी गेले. ज्या कागदावर आपलं नाव आहे, पण ज्यातलं काय आपण कबूल केलंय ते आपल्यालाच माहीत नाही, अशा कागदावर काढलेला तो राग होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला. याकडे साधारणपणे ‘सावकारीला लगाम’ म्हणून बघतात. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. या कायद्याने गावपातळीवर नोंदणी कामगार नेमायची सोय केली. शेतकऱ्याने करून दिलेला कर्जाचा दस्त त्याच्या समोर, त्याच्या देखरेखीखाली लिहायचा, मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच निशाणी घ्यायची. तसं झालं नसेल तर दस्ताला किंमत नाही. आणि कलम १२ ने कोर्टाला सांगितलं की नुसत्या रोख्यावर थांबू नका, व्यवहाराच्या अगदी सुरुवातीपासूनचा इतिहास तपासा. मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसूच आलं. न्यायाधीशाला इतिहासकार व्हायला सांगणारा कायदा!

इथे कोल्हापूरच्या मुलांसाठी एक सावधगिरी. हा कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी होता. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, ते मुंबई राज्यात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. त्यामुळे साताऱ्याच्या रोख्यांवरून काढलेला निष्कर्ष उचलून करवीर किंवा पन्हाळा पेट्यावर लावायचा नाही. इथल्या दप्तरात काय आहे ते वेगळं बघावं लागतं. मी पहिल्या वर्षी हीच चूक केली होती. गाइडनी लाल पेनने कडेला एवढंच लिहिलं होतं, ‘हद्द?’

आता थोडं बाहेर जाऊ. १८५८ मध्ये बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका स्थानिक कंत्राटदाराकडून करारावर अख्ख्या पंजाचा ठसा घेतला. पुढे यातूनच बोटांच्या ठशांची पद्धत वाढली आणि १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. हर्शेलला भीती कसली होती? माणूस सही करेल आणि नंतर ‘ही माझी सही नव्हे’ म्हणेल, ही.

माझा सगळा मुद्दा इथे येऊन थांबतो. कर्जाच्या कागदाभोवती दोन भीती असतात. एक, सही करून नाकारणाऱ्याची. दुसरी, सही न करताच अडकणाऱ्याची. पहिली भीती धनकोची आणि सरकारची, दुसरी आण्णांसारख्यांची. ठसा, फोटो, झेरॉक्स, ओटीपी ही ओळख पटवायची बहुतेक साधनं पहिल्या भीतीतून वाढली. दुसऱ्या भीतीचा नीट विचार करणारी १८७९ सारखी उदाहरणं कमी आहेत. त्या कायद्याचा उपाय फार साधा होता : माणूस समोर बसवा आणि वाचून दाखवा.

पुढे सहकार आला. १९०४ च्या कायद्याने गावोगाव पतपेढ्या निघाल्या. धारवाड भागातल्या कणगिनहाळची १९०५ ची संस्था त्यातल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी. ग्रामीण संस्थांत अमर्याद जबाबदारीचं तत्त्व होतं, म्हणजे संस्था बुडाली तर प्रत्येक सभासद बांधील. एका अर्थाने सगळं गाव एकमेकांना जामीन. पण ही संमती एकदाच घेतली जायची, सभासद होताना. पुढे संस्था मोठ्या झाल्या, माणसाच्या जागी फाईल आली. सभासद होताना दिलेला सातबारा, पगारपत्रक आणि पासपोर्ट फोटो त्या फाईलमध्ये पडून राहतो. तो पुन्हा कशासाठी वापरला जातोय हे सभासदाला कळायची काही सोय नसते.

याचं मोठं अलीकडचं उदाहरण ऊसपट्ट्यातलंच आहे. परभणी जिल्ह्यात गंगाखेडच्या एका खासगी साखर कारखान्याच्या प्रकरणात २०१७ मध्ये गुन्हा दाखल झाला. आरोप असा की कारखान्याकडे असलेल्या शेतकऱ्यांच्या कागदपत्रांवर, त्यांना न कळवता, हजारो जणांच्या नावे बँकांकडून कर्जं उचलली गेली. रकमेचा आरोप ३२८ कोटी रुपयांचा. शेतकऱ्यांना कळलं केव्हा? बँकेच्या नोटिसा घरी आल्या तेव्हा. कोल्हापुरात हे वाचताना अंगावर काटा येतो, कारण इथेही ऊसनोंदीला, तोडणी-वाहतुकीच्या कराराला आपण कागदांचा गठ्ठा चिटबॉयच्या किंवा मुकादमाच्या हातात बिनधास्त ठेवतो.

कायदा काय म्हणतो? १८७२ च्या करार कायद्यात संमती नाही तर करार नाही, हे स्पष्ट आहे. पण त्याच कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे हमी तोंडीही चालते. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळतो, आणि त्यात कर्जदारासोबत जामीनदारांचीही नावं असतात. एकदा दाखला निघाला की त्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी वसूलपात्र रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. म्हणजे ‘ही सही माझी नाही’ हे त्या दारात ऐकवायचं तरी निम्मे पैसे आधी द्या. पहिल्या भीतीसाठी बांधलेली भिंत दुसऱ्या भीतीच्या माणसाला कशी अडवते, त्याचा याहून चांगला पुरावा मला दप्तरातही सापडला नाही.

म्हणून व्यवहारातलं एवढंच सांगते. नोटीस आली की दाखला निघायची वाट बघू नका. सहायक निबंधकांच्या सुनावणीला जा, लेखी हरकत द्या, पोच घ्या आणि जामीनपत्राची नक्कल मागा. बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या कर्जासाठी क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यात जामीन म्हणून नाव लागलंय का ते दिसतं. चूक कळवून ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने २०२४ पासून लागू केला आहे. आणि कुणी फॉर्मवर तुमचं नाव नुसतं ‘रेफरन्स’ म्हणून टाकलं असेल तर तेवढ्याने तुम्ही जामीनदार होत नाही. मोबाइल ॲपवाल्यांनी फोनमधली नावांची यादी उघडायची नाही, हा नियमही सप्टेंबर २०२२ च्या सूचनांपासून आहे.

आता संशोधनाचं. दप्तरात नाव दिसलं की मी पाच प्रश्न वहीच्या डाव्या पानावर लिहिते. लिहिलं कुणी? माणूस तिथे हजर होता का? त्याला वाचून दाखवलं का? कागद नंतर कुणाच्या ताब्यात राहिला? आणि त्याने कधी हरकत घेतली असेल तर ती कुठे नोंदली असती? पाचव्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ‘कुठेच नाही’ असंच येतं. ते उत्तरही लिहून ठेवा. ‘अमुक गावात इतके जामीनदार होते’ असं वाक्य प्रबंधात लिहिण्याऐवजी ‘इतक्यांची नावं जामीनदार म्हणून नोंदलेली आहेत’ असं लिहा. फरक दोन शब्दांचा दिसतो, पण एका वाक्यात तुम्ही कागदाचं ऐकताय आणि दुसऱ्यात कागदाबद्दल बोलताय.

आण्णांचं काय झालं? आम्ही हरकत दिली, नक्कल मागितली. जामीनपत्रावरचा फोटो त्यांच्या जुन्या सभासद अर्जावरचाच होता, कोपऱ्यावर स्टेपलरची तीच दोन भोकं. सुनावणीच्या आधीच नात्यातल्या त्या माणसाने इकडून तिकडून पैसे गोळा करून कर्ज भरलं. संस्थेने खातं बंद केलं. आण्णा म्हणाले, “जाऊ दे, सुटलो.” घरच्यांनीही विषय वाढवला नाही.

पण ती सही खोटी होती असं कुणीच, कुठेच लिहिलं नाही. फाईलमध्ये आण्णा आजही जामीनदार आहेत. शंभर वर्षांनी एखादी पोरगी ते दप्तर उघडेल आणि त्यांचं नाव वहीत उतरवून घेईल. तिने डाव्या पानावर ते पाच प्रश्न लिहावेत, एवढीच माझी इच्छा आहे.