भोवऱ्यांपुढचा स्थिर चेहरा : व्हॅन गॉगचे १८८९ मधील आत्मचित्र

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात व्हिन्सेंट व्हॅन गॉगचे सप्टेंबर १८८९ मधील आत्मचित्र आहे. पार्श्वभूमीवर निळसर-हिरवे भोवरे, जवळजवळ त्याच रंगाचा कोट आणि त्यात पेटल्यासारखी नारिंगी दाढी. या भोवऱ्यांत चित्रकाराचे वेड उमटले आहे, असे पुष्कळदा म्हटले जाते. मला हा अर्थ पटत नाही. त्याविरुद्धची साक्ष त्याच्याच दुसऱ्या चित्रात आहे.

मे १८८९ मध्ये व्हॅन गॉग स्वेच्छेने सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात दाखल झाला. जुलैच्या मध्यास उघड्यावर चित्र रंगवीत असताना त्याला तीव्र झटका आला. त्या अवस्थेत त्याने रंगही गिळले. काही आठवडे काम थांबले. ऑगस्टच्या अखेरीस, आजार पुरता ओसरला नसताना, त्याने एक आत्मचित्र केले. आज ते ऑस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ते इतके निराळे दिसते की त्याच्या अस्सलपणाविषयी दीर्घकाळ शंका होती. २०२० मध्ये ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयाने ती दूर केली.

ऐन आजारातले हे चित्र कसे आहे? मातकट हिरवट-तपकिरी रंग, तिरकी, खचलेली नजर आणि चेहऱ्यावरचा रंग पॅलेट नाइफने दाबून सपाट केलेला. भोवऱ्यांची ती लय येथे नाहीच.

आता ओर्सेचे चित्र पुन्हा पाहावे. पार्श्वभूमीची वळणे कोटाच्या घड्यांत उतरतात, केसांत आणि दाढीतही फिरतात. चेहरा तेवढा निश्चल राहतो. भुवया आक्रसलेल्या, ओठ मिटलेले. निळा आणि नारिंगी हे परस्परपूरक रंग. शेजारी ठेवले तर एकमेकांना उजळवतात, एकमेकांत मिसळले तर मळतात. ओल्या, जाड रंगात फटकाऱ्याशेजारी फटकारा ठेवून ते वेगळे राखणे हे थरथरत्या हाताचे काम नव्हे. (भावना नाही, असे मी म्हणत नाही. ती आवरून धरलेली आहे.)

२० सप्टेंबरच्या पत्रात व्हॅन गॉग धाकट्या भावाला, थिओला, कळवतो की आपली मुद्रा आता बरीच शांत झाली आहे, नजर मात्र कदाचित पूर्वीपेक्षा अस्पष्ट असेल. आजारपणातील दुसऱ्या प्रयत्नाचाही तो उल्लेख करतो आणि हे चित्र थिओला अधिक आवडेल, असे सांगतो. यात काही साधे करण्याचा आपला प्रयत्न होता, असेही.

१८९० मध्ये हे चित्र ऑव्हेरला पोहोचले. तेथील डॉक्टर गाशे त्यावर लुब्ध झाले. १९४९ मध्ये त्यांच्या मुलांनी ते फ्रान्सच्या राष्ट्रीय संग्रहास दिले.