मुंज्याला रक्ताची चटक कोणी लावली?

वऱ्हाडात पिंपळाच्या पारावर चार म्हातारी माणसं गाठली की मुंज्याची गोष्ट निघतेच. भातकुली असो की दर्यापूर, तपशील थोडेफार बदलतात, गाभा तोच. मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत पोरगं गेलं आणि त्याचा जीव पिंपळावर अडकला. हा मुंज्या रात्री खडे मारतो, वाटसरूला चकवतो, लग्नाच्या वयाच्या पोरींना छळतो. एकूण वात्रट पोर. हडळीचा दरारा त्याला नाही, वेताळाचा मान नाही. रक्त पिण्याचं काम तर लोककथेनं त्याच्याकडे सोपवलेलंच नाही.

मानवतच्या हत्याकांडाकडे पाहताना हीच गोष्ट आधी खटकते.

मानवत हे परभणी जिल्ह्यातलं कापसाच्या बाजारपेठेचं गाव. तेव्हा परभणीतून हिंगोली आणि अकोल्यातून वाशीम वेगळे निघालेले नव्हते, त्यामुळे परभणी जिल्ह्याची हद्द थेट वऱ्हाडाला भिडलेली होती. साल 1972, म्हणजे महाराष्ट्राच्या आठवणीतला सर्वांत मोठा दुष्काळ. रेशनवर लाल मिलो, खडी फोडायच्या कामावर सुकडी, आणि मुंबईत मुख्यमंत्रिपदावर पुसदचे वसंतराव नाईक. अशा दिवसांत माणसं आधीच धास्तावलेली होती. त्यात 14 नोव्हेंबरपासून मानवतमध्ये खून पडू लागले. आधी लहान मुली, मग बायकाही. मृतदेहांवर शस्त्राच्या जखमा, ओरबाडलेली, कापलेली शरीरं. पोलीस यायचे, पंचनामा व्हायचा, आणि काही दिवसांनी पुन्हा एक पोर घरी परतायची नाही. हा सिलसिला 4 जानेवारी 1974 पर्यंत चालला. शेवटच्या घटनेत एक आई आणि तिच्या दोन मुली एकाच वेळी मारल्या गेल्या.

तपासासाठी मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी आले. 1968 साली मुंबईच्या फुटपाथवर झोपलेल्यांची डोकी ठेचणारा रामन राघव पकडला गेला, त्या तपासाचं नाव कुलकर्ण्यांशी जोडलेलं होतं. पुढे ते राज्याचे पोलीस महासंचालक झाले. रामन राघवच्या वेळी एकटा, डोकं फिरलेला माणूस शोधायचा होता. मानवतमध्येही आधी कुणालाही तसंच वाटलं असतं. तपासातून निघालं ते वेगळं: मारणारा एकटा नव्हता, आणि माथेफिरूही नव्हता. सरकारी पक्षानं न्यायालयात मांडलेल्या हकिगतीनुसार मामला थंड डोक्यानं, ठरवून, माणसं लावून केलेला होता. गावातला एक वजनदार पुढारी, त्याच्याबरोबर राहणारी बाई, तिला मूल हवं होतं, वाड्यात गुप्तधन असल्याची खात्री होती आणि पिंपळावर मुंजाबा, म्हणजे हाच मुंज्या, होता. मूल आणि धन दोन्ही मिळवायचं तर मुंजाबाला कुमारिकेचं रक्त द्यावं लागेल, असं एका मांत्रिकानं सांगितलं. एका बळीनं भागलं नाही, मग दुसरा, मग तिसरा.

मुंज्या आपल्या मुलखात शेकडो वर्षं आहे. त्याला नैवेद्य, नारळ, फार तर कोंबडं देऊन गावानं भागवलं. त्याला कोवळ्या मुलींचं रक्त लागतं, ही मागणी पिंपळावरून आलेली नव्हती. ती एका हयात माणसाच्या तोंडून आली, आणि ज्यांच्यापाशी पैसा आणि हाताखाली माणसं होती त्यांनी ती उचलून धरली. भुताची आवड-निवड त्याच्या दुभाष्यानं ठरवली म्हणा ना.

युरोपातल्या रक्तपिशाच्चांच्या प्रकरणांशी याची तुलना केली तर फरक लख्ख दिसतो. आजच्या सर्बियातल्या मेदवेजा गावात 1731 च्या हिवाळ्यात माणसं पटापट मरू लागली. लोकांनी संशय घेतला तो मेलेल्यांवर. काही वर्षांपूर्वी गवताच्या गाडीवरून पडून मान मोडलेला आर्नोल्ड पाओल नावाचा माणूस रक्तपिशाच्च झाला आणि त्यानं इतरांना बाधा केली, असं गाव म्हणत होतं. ऑस्ट्रियन फौजेचा शल्यवैद्य योहान फ्लुकिंगर तिथे पोचला, थडगी उकरली आणि जानेवारी 1732 मध्ये त्यानं अहवाल लिहिला: काही प्रेतांत ताजं वाटणारं रक्त, नवी दिसणारी नखं. प्रेत कुजताना असं दिसतं हे आज शवविच्छेदनाच्या टेबलावर उभा राहिलेला कुणीही सांगेल. पण अहवाल सरकारी, त्यावर सही लष्करी डॉक्टराची, मग काय, सगळ्या युरोपभर रक्तपिशाच्चांच्या चर्चेला ऊत आला. अखेर 1755 साली महाराणी मारिया थेरेसानं आपले वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन यांचं मत मागवलं आणि थडगी उकरून प्रेतं जाळण्यावर बंदी घातली. मेदवेजात मारणारी बहुधा एखादी साथ होती, आणि शिक्षा झाली ती प्रेतांना. मानवतमध्ये मारणारे जिवंत होते आणि मरणारेही.

मध्य भारतात संशयाची तिसरीच तऱ्हा होती. तिथे रक्त शोषल्याचा आळ यायचा तो जितीजागती शेजारीण, म्हातारी, विधवा अशा बाईवर. ठगांचा बंदोबस्त करणारा विल्यम स्लीमन याच्या 1844 साली छापलेल्या पुस्तकात नागपूरकर भोसल्यांच्या अमलातल्या रतनपूरच्या बाजारातली एक हकिगत आहे. उसाच्या कांड्यावरून भांडण झालं, कांड्यात रक्त उतरलेलं दिसलं, आणि बाईनं जादूनं समोरच्या माणसाचं रक्त ओढून घेतलं अशी जमलेल्यांची खात्री पटली. सांगणारा माणूस शहाणासुरता होता आणि त्याचा यावर पूर्ण विश्वास होता, याचंच स्लीमनला नवल वाटलं. वऱ्हाडात आयुक्त राहिलेला आणि 1870 चं वऱ्हाडचं गॅझेटियर सिद्ध करणारा आल्फ्रेड लायल यालाही हा विषय सोडवेना. चेटूक आणि देवधर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं त्यानं पुढे निबंध लिहून मांडलं. देवाची करुणा भाकावी लागते, चेटकाला करुणेचं कामच नाही, तिथे फक्त कृती आणि फळ. मानवतच्या मांत्रिकाचा हिशेबही नेमका असाच होता.

त्याच वऱ्हाडातून याच्या उलट आवाजही उठला होता, हे विसरून चालणार नाही. भातकुली तालुक्यातल्या ऋणमोचनला पूर्णाकाठी पौषातल्या रविवारी यात्रा भरते. तिथे गाडगेबाबांनी झाडू मारला, यात्रेकरूंसाठी घाट बांधला. मुलीच्या बारशाला दारू-मटणाऐवजी गोडाचं जेवण घालून त्यांनी भाऊबंदांचा राग ओढवून घेतला, आणि पुढची जवळपास पन्नास वर्षं कीर्तनातून देवापुढे बकरं कापणाऱ्यांना सवालांवर सवाल केले. 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी त्यांनी देह ठेवला. मानवतला पहिला बळी पडला तो त्यानंतर सोळा वर्षांनी.

खटला परभणीच्या सत्र न्यायालयात उभा राहिला. आरोपी डझनाहून जास्त. पुराव्याचा मोठा भार माफीच्या साक्षीदारांवर, म्हणजे गुन्ह्यातल्याच साथीदारांवर. इथे मानवतची गोष्ट गावकुसाबाहेर पडून कायद्याच्या पुस्तकात शिरते. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिलेला निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही ‘दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानं वाचतात. न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी त्यात साथीदाराच्या साक्षीला स्वतंत्र आधार का हवा हे उलगडलं. 1973 च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं दोषी ठरलेल्याला शिक्षेबद्दल बोलायची संधी दिली होती. ती खालच्या न्यायालयात हुकली तर वरच्या न्यायालयाला ती देता येते, हेही या निकालात ठरलं. पोलिसांनाही त्यात खडे बोल आहेत: गुन्हा उघडकीस आणायच्या ईर्षेनं कोठडीतल्या माणसावर हात टाकायचा मोह मुळातच खुडला पाहिजे. आरोपींतले काही सुटले. इतक्या भीषण खटल्यातही पुरावा सैल पडला तर संशयाचा फायदा आरोपीलाच, हे त्या वेळी गावकऱ्यांच्या गळी उतरवणं सोपं नसणार.

याच हत्याकांडावर अमोल पालेकरांनी 1981 मध्ये ‘आक्रीत’ हा चित्रपट केला, पटकथा विजय तेंडुलकरांची. 2024 मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका आली, त्यात आशुतोष गोवारीकर कुलकर्णी झाले. पडद्यावर मांत्रिकाचे डोळे आणि पिंपळाच्या सावल्या हटकून जास्त भाव खाऊन जातात. वाड्यातला पैसा आणि गावातला दबाव तेवढा चांगला दिसत नाही.

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात खून झाला आणि वर्षानुवर्षं रखडलेला जादूटोणाविरोधी कायदा त्याच आठवड्यात अध्यादेश म्हणून निघाला. डिसेंबरमध्ये तो विधिमंडळात मंजूर झाला. त्याच्या नावात ‘महाराष्ट्र’नंतरचा पहिलाच शब्द ‘नरबळी’ आहे. गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्यं त्याच्या अनुसूचीत येतात, तसंच कुणाला चेटकीण ठरवून छळणंही. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. अंमलबजावणीसाठी दक्षता अधिकारी नेमायचा, आणि तो पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा असावा, असं कायदा सांगतो. 1972 मध्ये मानवतला हा कायदाही नव्हता आणि असा अधिकारीही नव्हता; माणूस मुंबईहून पाठवावा लागला.