आधी रकाना, मग नोंद

संगणकाच्या प्रशिक्षणवर्गात अगदी पहिल्या दिवशी एक गोष्ट मनावर ठसविली जाते. सारणीत एकही नोंद भरण्यापूर्वी सारणीचा आराखडा ठरवावा लागतो : रकाने किती, कोणत्या रकान्यात अंक, कोणत्यात अक्षरे, आणि कोणत्या रकान्यात केवळ आधी मान्य केलेल्या यादीतीलच मूल्य चालेल. यांतील शेवटची अट नवशिक्या प्रोग्रामरला जाचक वाटते. ती टाळल्यास काय होते, याचा आपल्या प्रशासनाच्या इतिहासातील सर्वांत महागडा दाखला म्हणजे २०११ ची सामाजिक, आर्थिक व जातिनिहाय गणना, असे माझे मत आहे.

जात विचारणे आपल्याकडे नवे नव्हते. १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत तो रकाना होताच. लोक तेव्हाही पोटजात, कूळ, धंदा, आडनाव, जे सुचेल ते सांगत. परंतु १९०१ पासून प्रत्येक माणसाची माहिती एका चिठ्ठीवर उतरवून त्या चिठ्ठ्या कचेरीत हातांनी निवडल्या जात. निवडणारा कारकून माणूस होता. एकाच नावाची दोन रूपे त्याला ओळखू येत. १९३१ मध्ये ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या. १९५१ पासून केवळ अनुसूचित जाती व जमातींची मोजणी उरली. ती आजवर सुरळीत चालली, कारण त्यांच्या याद्या राष्ट्रपतींच्या आदेशांनी आधीच निश्चित झालेल्या होत्या.

२०११ मध्ये प्रगणकांच्या हाती टॅबलेट आले, जातीची नोंदवही मात्र आली नाही. सांगितले ते टंकित झाले. केंद्र शासनाने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिले, त्यानुसार देशभरात ४६ लाखांहून अधिक जातिनामे जमा झाली. मलबारातील माप्पिळा हे एकच नाव चाळीस प्रकारे लिहिले गेले आणि यंत्राने त्याच्या चाळीस जाती केल्या. महाराष्ट्रातील सुमारे १०.३ कोटी लोकांच्या नोंदींतून ४,२८,६७७ नावे निघाली. राज्यातील अधिकृत याद्यांतील जाती-जमाती मिळून होत्या ४९४. (परराज्यात नोकरी केलेल्या मराठी वाचकास याचे नवल वाटू नये. हिंदी दप्तरात आडनावातला 'ळ' गेला की आपणही दोन माणसे होतो!)

आर्थिक माहिती ३ जुलै २०१५ रोजी प्रसिद्ध झाली, जातीची राहिली. वर्गीकरणासाठी अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती जाहीर झाली, तरी आकडे बाहेर आले नाहीत. याची झळ महाराष्ट्रास थेट लागली. मार्च २०२१ च्या निकालाने स्थानिक स्वराज्य संस्थांतील इतर मागासवर्गीयांचे आरक्षण अडचणीत आले, तेव्हा राज्याने हीच माहिती मागितली. ती वापरण्यायोग्य नाही, असे केंद्राने सांगितले, आणि डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने राज्याची याचिका फेटाळली.

नोंदी मागाहून स्वच्छ करता येत नाहीत का? शुद्धलेखनापुरत्या येतात. परंतु मिळत्याजुळत्या दोन नावांना एक मानायचे की नाही, हा प्रश्न लेखनाचा नसून हक्काचा असतो. तो नोंदीपूर्वी उघडपणे सुटला तर हरकती घेता येतात. नंतर बंद खोलीत सुटला तर कोणी विश्वास ठेवीत नाही.

बिहारने २०२३ च्या जातगणनेत उलट मार्ग धरला : दोनशेंहून अधिक जातींची सांकेतिक क्रमांकांसह यादी आधी काढली. तीतही चूक झालीच. तृतीयपंथीयांना २२ हा क्रमांक देऊन जातीच्या रकान्यात बसविले गेले. परंतु यादी छापील होती, म्हणून चूक दिसली आणि प्रकरण पाटणा उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आकडे जाहीरही झाले.

आगामी जनगणनेत जातीची मोजणी करण्याचा निर्णय केंद्राने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला; तिची संदर्भतिथी, हिमाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ आहे. टॅबलेट की मोबाइल, याची मला फारशी उत्सुकता नाही. प्रगणक घराबाहेर पडण्यापूर्वी जातींची यादी प्रत्येक भाषेतील लेखनरूपांसह प्रसिद्ध होते का, तेवढे मी पाहणार आहे.