स्लाइस (गोल्फ)

स्लाइस हा गोल्फमधील एक सदोष फटका आहे. उजव्या हाताने खेळणाऱ्या खेळाडूने मारलेला चेंडू हवेत असताना डावीकडून उजवीकडे मोठ्या प्रमाणात वळत गेला, तर त्या फटक्यास स्लाइस म्हणतात. डाव्या हाताने खेळणाऱ्याच्या बाबतीत हीच वक्रता उजवीकडून डावीकडे असते. याच्या उलट दिशेने वळणाऱ्या फटक्यास हुक असे नाव आहे. त्याच दिशेने, पण सौम्य व हेतुपुरस्सर वळवलेल्या फटक्यास फेड म्हणतात. नवशिक्या व हौशी खेळाडूंमध्ये स्लाइस हा सर्वाधिक आढळणारा दोष मानला जातो. तो विशेषतः ड्रायव्हर या सर्वांत लांब क्लबने मारलेल्या फटक्यांत दिसतो.

भौतिकी

चेंडू व क्लब यांचा संपर्क सुमारे अर्धा मिलिसेकंद टिकतो. एवढ्या अल्प काळात खेळाडूला कोणतीही दुरुस्ती करता येत नाही. चेंडूचा पुढील प्रवास संपर्काच्या क्षणी असलेल्या दोन दिशांवर मुख्यतः अवलंबून असतो. पहिली, क्लबच्या फेसची दिशा. दुसरी, क्लबहेड ज्या मार्गाने सरकत असते त्या मार्गाची दिशा. फेस या मार्गाच्या तुलनेत उजवीकडे उघडा असेल, तर चेंडूच्या फिरकीचा अक्ष उजवीकडे कलतो आणि स्लाइस निर्माण होतो. फेस लक्ष्याकडे सरळ असूनही मार्ग डावीकडे जात असेल तरी स्लाइस होतो. कारण महत्त्व या दोन दिशांमधील फरकाला आहे.

चेंडू सुरुवातीस ज्या दिशेने निघतो ती प्रामुख्याने फेस ठरवतो. ड्रायव्हरच्या बाबतीत हा वाटा ढोबळमानाने ८० टक्क्यांहून अधिक असतो. चेंडू क्लबच्या मार्गाने निघतो व नंतर फेसच्या दिशेने वळतो, अशी शिकवण पूर्वी दिली जात असे. रडारवर आधारित मोजमाप यंत्रे प्रचारात आल्यानंतर ही समजूत मागे पडली.

फिरणाऱ्या चेंडूवर हवेमुळे जे पार्श्वबल कार्य करते त्यास मॅग्नस परिणाम म्हणतात. स्लाइसमध्ये चेंडू वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत असतो. त्याच्या उजव्या बाजूचा पृष्ठभाग समोरून येणाऱ्या हवेबरोबर, तर डाव्या बाजूचा पृष्ठभाग हवेच्या विरुद्ध सरकतो. त्यामुळे उजव्या बाजूचा दाब कमी होऊन चेंडू तिकडे ढकलला जातो. क्रिकेटमध्ये फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेतच बाजूला सरकतो, त्यामागेही हाच परिणाम असतो. वेगवान गोलंदाजाचा स्विंग मात्र प्रामुख्याने शिवणीमुळे होतो.

ड्रायव्हरचा फेस फारसा मागे झुकलेला नसल्याने चेंडूस मागील फिरकी तुलनेने कमी मिळते. त्यामुळे फेस व मार्ग यांतील थोड्या फरकानेही फिरकीचा अक्ष लक्षणीय कलतो. वेज या अधिक झुकाव असलेल्या क्लबने मारताना मागील फिरकी प्रबळ असते, म्हणून तोच दोष असूनही चेंडू फारसा वळत नाही. सात नंबरचे आयर्न बऱ्यापैकी सरळ जाते, पण ड्रायव्हर जात नाही, या सर्वसामान्य तक्रारीचे हे एक मुख्य कारण आहे.

प्रकार

आरंभीच्या दिशेनुसार स्लाइसचे तीन प्रकार केले जातात.

पुल-स्लाइस: चेंडू लक्ष्याच्या डावीकडे निघून उजवीकडे वळतो. फेस लक्ष्याच्या डावीकडे, पण मार्ग त्याहून अधिक डावीकडे असतो. उदाहरणार्थ, मार्ग ६ अंश व फेस २ अंश डावीकडे असल्यास फेस मार्गाच्या तुलनेत ४ अंश उघडा ठरतो.

सरळ निघणारा स्लाइस: फेस जवळपास लक्ष्याकडे, मार्ग डावीकडे.

पुश-स्लाइस: चेंडू उजवीकडेच निघतो व आणखी उजवीकडे जातो. यात फेस लक्ष्याच्याही उजवीकडे उघडा असतो. चेंडू लक्ष्यापासून सर्वाधिक दूर जातो तो बहुधा या प्रकारात.

कारणे

पकड: डावा हात क्लबवर लक्ष्याच्या बाजूस अधिक वळलेला असल्यास त्या पकडीस कमकुवत पकड म्हणतात. येथे कमकुवत या शब्दाचा हाताच्या ताकदीशी संबंध नाही. अशा पकडीत संपर्काच्या वेळी फेस उघडा राहतो. दांडा अतिशय घट्ट आवळल्यास बाहूंचे नैसर्गिक वळणे रोखले जाते व तोच परिणाम होतो.

उभे राहणे: खांदे लक्ष्याच्या डावीकडे उघडलेले असणे किंवा चेंडू डाव्या पावलाच्या फार पुढे ठेवणे, यामुळे क्लबहेड चेंडूपर्यंत पोहोचेपर्यंत डावीकडे वळलेले असते.

खाली येणारा स्विंग: खालचे शरीर वळण्यापूर्वीच खांदे व उजवा हात पुढे झेपावल्यास क्लब बाहेरून आत येतो. जोर लावण्याच्या प्रयत्नात हे विशेष घडते.

मनगट: स्विंगच्या शिखरावर डावे मनगट मागे दुमडल्यास फेस उघडतो.

संपर्काचे स्थान: ड्रायव्हरच्या टाचेकडील भागावर चेंडू लागल्यास क्लबहेड किंचित फिरते आणि चेंडूस विरुद्ध दिशेची, म्हणजे स्लाइसची, फिरकी मिळते. अशा वेळी स्विंग निर्दोष असूनही चेंडू उजवीकडे वळू शकतो.

डावीकडे नेम धरण्याचा परिणाम

चेंडू उजवीकडे जातो म्हणून खेळाडू स्वाभाविकपणे अधिक डावीकडे तोंड करून उभा राहतो. त्यामुळे क्लबचा मार्ग आणखी डावीकडे जातो. परंतु खेळाडू फेस मात्र लक्ष्याकडेच ठेवू पाहतो. परिणामी दोन दिशांमधील फरक वाढून वक्रता अधिकच वाढते. अनेक खेळाडू वर्षानुवर्षे या चक्रात अडकून राहतात.

दुरुस्ती

प्रथम दोषाचे निदान करावे लागते. फेसवर पावडरचा फवारा मारून चेंडू कोठे लागतो हे पाहता येते. संपर्क मध्यभागी होत असल्यास चेंडूची आरंभीची दिशा फेसविषयी, तर त्यानंतरचे वळण फेस व मार्ग यांतील फरकाविषयी माहिती देते.

सर्वसाधारणपणे आधी फेस व मग मार्ग हा क्रम सोयीचा ठरतो. उघडा फेस तसाच ठेवून केवळ मार्ग उजवीकडे नेल्यास चेंडू आणखी उजवीकडे जातो आणि खेळाडू जुन्या सवयीकडे परततो. पकड सुधारताना वरून पाहिल्यास डाव्या हाताच्या दोन ते तीन बोटांची मुळे दिसावीत, आणि अंगठा व तर्जनी यांमधील खाच उजव्या खांद्याकडे रोखलेली असावी. या बदलानंतर काही काळ चेंडू थेट डावीकडे जाऊ लागतो. हे अपयश नव्हे. फेस बंद होऊ लागला असून मार्ग अद्याप डावीकडे असल्याचे ते लक्षण आहे.

मार्ग सुधारण्यासाठी चेंडूच्या किंचित बाहेर व मागे क्लबचे रिकामे आवरण ठेवून, त्यास धक्का न लावता फटका मारण्याचा सराव केला जातो. दोन्ही पावले जवळ ठेवून सात नंबरच्या आयर्नने अर्धे स्विंग मारल्यास खांद्यांची घाई कमी होते. उजव्या काखेत टॉवेल धरण्याचा सरावही प्रचलित आहे.

उपकरणे

टाचेकडे अधिक वजन असलेले, फेस किंचित बंद असलेले किंवा अधिक झुकावाचे ड्रायव्हर वक्रता कमी करतात, मात्र मूळ दोष दूर करत नाहीत. १९७० च्या दशकात अमेरिकेत पोलारा नावाचा, असमान खळग्यांमुळे आपोआप सरळ जाणारा चेंडू बाजारात आला. त्यानंतर चेंडूची सममिती नियमाने आवश्यक करण्यात आली व असे चेंडू अधिकृत स्पर्धांतून बाद झाले.

नियम व सुरक्षितता

स्लाइस झालेला चेंडू सीमेबाहेर गेल्यास एका फटक्याचा दंड घेऊन मागील जागेवरूनच पुन्हा खेळावे लागते. चेंडू सीमेबाहेर गेला किंवा हरवला असण्याची शक्यता वाटल्यास, तसे जाहीर करून तात्पुरता चेंडू खेळता येतो. २०१९ पासून शोधासाठी तीन मिनिटांची मर्यादा आहे. सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवरील १७ व्या होलला उजवीकडे हॉटेल व सीमारेषा असल्याने तेथे स्लाइस विशेष महागात पडतो.

मैदानालगत वस्ती वा रस्ता असल्यास हा प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही. चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपर्यंत असू शकते आणि तो डोक्यास वा डोळ्यास लागल्यास गंभीर इजा होते. चेंडू कोणाच्याही दिशेने जाताना दिसताच ‘फोर’ अशी मोठ्याने हाक देणे हे खेळाडूचे कर्तव्य आहे. हाक ऐकणाऱ्याने वर न पाहता डोके हातांनी झाकून खाली वाकावे.

इतिहास

फिरकीमुळे चेंडू वळतो हे आयझॅक न्यूटन यांनी १६७२ मध्ये टेनिसच्या चेंडूसंदर्भात नोंदवले. हाइनरिक गुस्ताफ मॅग्नस यांनी १८५२ मध्ये या परिणामाचा प्रायोगिक अभ्यास मांडला. एडिनबरा येथील भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात गोल्फच्या चेंडूचे उड्डाण अभ्यासले. त्यांचे पुत्र फ्रेडी टेट हे १८९६ व १८९८ चे ब्रिटिश अमॅच्युअर विजेते होते. इलेक्ट्रॉनचे संशोधक जे. जे. थॉमसन यांनी १९१० मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये याच विषयावर व्याख्यान दिले.

हाच वळणारा चेंडू नियंत्रणात आणल्यास उपयुक्त ठरतो. हुकने त्रस्त झालेल्या बेन होगन यांनी पुढे फेडचा आधार घेतला. जॅक निकलॉस व ली ट्रेव्हिनो हेही फेडसाठी ओळखले जातात.

महाराष्ट्रात

भारतात गोल्फचा प्रारंभ १८२९ मध्ये कोलकात्यात स्थापन झालेल्या क्लबपासून मानला जातो. महाराष्ट्रात मुंबईतील चेंबूर येथील बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब (१९२७) आणि पुण्यातील येरवडा येथील पूना गोल्फ क्लब ही प्रमुख मैदाने आहेत. नाशिकचे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान आजही ‘गोल्फ क्लब मैदान’ म्हणून ओळखले जाते. तेथे आता क्रिकेट खेळले जाते. पुण्याचे उदयन माने यांनी टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ मध्ये आयोजित) भारताचे प्रतिनिधित्व केले.

हेही पहा

गोल्फ
मॅग्नस परिणाम
स्विंग गोलंदाजी