दहाव्यापासून तेरवीपर्यंत

मराठवाड्यात ‘माती किती वाजता आहे?’ असं अंत्यविधीची वेळ विचारणाऱ्याला पुढचं सगळं ठाऊक असतं. तिसऱ्या दिवशी राख सावडायची, दहाव्याला नदीवर जायचं, तेरवीला गोड जेवण. घरातलं माणूस गेलं की घर रिकामं व्हायच्या ऐवजी भरून जातं. सोयरे-धायरे मुक्कामाला येतात, चुलीवर मोठी पातेली चढतात आणि ज्याला रडायचं असतं त्याला कोपरा मिळत नाही. मराठी नाटक-सिनेमातला कुटुंबाचा शोक याच भरल्या घरात घडत आला आहे. तिथे दुःखाच्या जोडीला खर्च असतो, मान असतो, वाटणी असते. या गोष्टीचा माग काढायला निघालं की छत्रपती संभाजीनगर आणि तिथून पन्नासेक किलोमीटरवरचं पैठण वाटेत पुन्हा पुन्हा लागतं.

जुनी खूण पैठणचीच. संत एकनाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. वासाने दारातली भुकेली माणसं थांबली आणि नाथांनी ब्राह्मणांआधी त्यांना जेवू घातलं. गावचा ब्रह्मवृंद रुसला, पानावर बसेना, तेव्हा खुद्द पितरच जेवायला उतरले, अशी ही आख्यायिका कीर्तनांतून आजही सांगतात. मेलेल्याच्या नावाने कोण जेवणार, हा प्रश्न त्या कथेने सोळाव्या शतकातल्या गावापुढे ठेवला. याच नाथांवर प्रभातने १९३५ साली ‘धर्मात्मा’ काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, नाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. त्याच्या कितीतरी आधी, १८५५ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं होतं. त्यात मरण नाही, गर्भार बाईचं घर आहे. पण विधीच्या धाकाने कुणब्याच्या घरातला पैसा कसा निघून जातो, हे मराठी नाटकाने तिथेच पाहून घेतलं.

दहाव्याला घाटावर जे घडतं तो तर लिहून ठेवल्यासारखा प्रवेश असतो. पिंड मांडलेले असतात, माणसं मागे सरतात आणि कावळा येत नाही. ऊन चढतं. मग थोरला पुढे होतो, हात जोडतो, म्हणतो, ‘पोरीच्या लग्नाची काळजी करू नका, आम्ही आहोत.’ तरी कावळा शिवत नाही. आणखी कुणीतरी कर्जाचं बोलतं, धाकट्याच्या शिक्षणाचं बोलतं. चार भिंतींत वर्षानुवर्षं न बोललेलं शंभर माणसांसमोर उघड होतं. शेवटी दर्भाचा कावळा करून वेळ भागवतात, पण दिलेले शब्द सगळ्यांनी ऐकलेले असतात.

या दिवसांचं सगळ्यात मोठं नाटक महेश एलकुंचवारांनी लिहिलं. ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. विदर्भातल्या धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारले आहेत, मुंबईहून सुधीर आणि अंजली आले आहेत आणि तेराव्याला गावजेवण घालायला घरात पैसा नाही. अंगणात न चालणारा ट्रॅक्टर गंजत पडलाय. बाप गेल्याचं दुःख कुणी मोठ्याने सांगत नाही. दागिन्यांवरून, जमिनीवरून, घर कुणाचं यावरून बोलणं होतं आणि ते दुःख त्यातच असतं. पुढे ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’सह या नाटकांची त्रिनाट्यधारा १९९४ मध्ये आविष्कार नाट्यसंस्थेने सलग केली. दिग्दर्शक चंद्रकांत कुलकर्णी, तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आपल्या संभाजीनगरच्या, ‘जिगीषा’ नाट्यसंस्थेतून घडलेला माणूस. वैदर्भी वाड्याचं सुतक मराठवाड्याच्या दिग्दर्शकाने इतक्या धीराने आठ-नऊ तास पेललं, हे मला त्या प्रयोगाचं मोठेपण वाटतं. शेजारचं दुःख त्याला परकं नव्हतं.

घराच्या उंबऱ्याबाहेरून हेच दिवस पाहिले ते बाबा भांड यांनी. संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाचे संस्थापक असलेल्या या लेखकाची ‘दशक्रिया’ कादंबरी पैठणच्या घाटावरची. भान्या नावाचं पोर नदीत टाकलेली राख चाळतं आणि त्यातून सुटे पैसे, सोन्याचा कण शोधतं. एका घराचं दुःख दुसऱ्या घराची भाकरी होतं. दिग्दर्शक संदीप पाटील यांनी त्यावर केलेल्या सिनेमाला ६४व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तीन मानाचे तुरे मिळाले: सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट, मनोज जोशींना सहायक अभिनेत्याचा आणि संजय कृष्णाजी पाटलांना रूपांतरित पटकथेचा. प्रदर्शन रोखायला याचिका उच्च न्यायालयाच्या इथल्याच, औरंगाबाद खंडपीठात गेली. ती फेटाळली गेली आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सिनेमा लागला. नाथांच्या गावात पंगतीचा प्रश्न किती जिवंत आहे, ते तेव्हा दिसलं.

ताजी फांदी रोहन कानवडेच्या ‘साबर बोंडं’ची. वडील गेल्यावर आनंद मुंबईहून आईसोबत गावी येतो, दहा दिवस पाळतो, नातेवाईक त्याला लग्नाचं विचारत राहतात आणि बालपणीचा मित्र बाळ्या त्याला पुन्हा भेटतो. त्या दोघांची माया सुतकाच्या शिस्तीतच फुलते. २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात या सिनेमाला जागतिक नाट्यपट विभागाचा ज्युरींचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. मला त्यातली आई महत्त्वाची वाटते: नवरा गमावलेली ती बाई मुलाचं गुपित जाणते आणि सांभाळते. आपल्या शोककथेत विधवेला अशी जागा फार कमी मिळाली.

मराठवाड्यातल्या एका घरात मात्र अजून कुणी कॅमेरा नेऊन तेरा दिवस बसल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ‘गाभ्रीचा पाऊस’ या सिनेमाने शेतकऱ्याच्या आत्महत्येआधीची भीती दाखवली, घरच्यांचा डोळ्यात तेल घालून चाललेला पहारा दाखवला. पण नंतरच्या दिवसांत राख सावडणाऱ्यांच्या पाठोपाठ तलाठीही येतो. पंचनामा होतो, सातबारा आणि कर्जाची कागदं मागितली जातात आणि मरण सरकारी मदतीला पात्र की अपात्र, हे जिल्ह्याची समिती ठरवते. पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले तीस हजार हातात आणि बाकीचे ठेवीत. तेरवीचं सामान उधार आणणाऱ्या त्या शेतकऱ्याच्या बायकोचा सिनेमा व्हायला हवा, आणि तो करायला औरंगपुऱ्यात, पैठणात, फुलंब्रीत वाढलेलं कुणीतरी पुढे यावं.