ईश्वरनामे : हिब्रू धर्मग्रंथ आणि इस्लाम

यहुद्यांचा हिब्रू धर्मग्रंथ (तनख, ख्रिस्ती परंपरेत ‘जुना करार’) आणि इस्लाम या दोन्हींत एकाच ईश्वराला अनेक नावे आहेत. हिब्रू व अरबी या एकाच सेमिटिक कुळातल्या भाषा असल्याने यांतली बरीच नावे चुलत भावंडांच्या तोंडवळ्यासारखी जुळतात. फरक अर्थापेक्षा वापरात जास्त आहे. यहुदी परंपरेने सर्वांत थोर नाव जिभेवर येऊ दिले नाही. इस्लामने नामोच्चार उपासनेत आणि रोजच्या बोलण्यात मुरवला. दोन्ही परंपरांत अपवाद आहेत, ते पुढे येतीलच.

हिब्रू ग्रंथातले मुख्य नाव योद, हे, वाव, हे या चार व्यंजनांचे असून ते सुमारे ६,८०० वेळा येते. ‘निर्गम’च्या तिसऱ्या अध्यायात जळत्या झुडपापाशी मोशे देवाला नाव विचारतो. तेव्हा मिळणारे उत्तर ‘एह्ये’ या, ‘असणे’ या धातूपासून झालेल्या रूपाभोवती फिरते आणि ते वर्तमान व भविष्य अशा दोन्ही काळांत लावता येते. ते उत्तर नाव सांगणारे आहे की नाव सांगायला नकार देणारे, यावर भाष्यकार आजही भांडतात. सहाव्या अध्यायात देव सांगतो, की अब्राहाम, इसहाक व याकोब यांना मी ‘एल शद्दाय’ म्हणून प्रकट झालो, या चार अक्षरी नावाने नव्हे. पण ‘उत्पत्ती’त हे नाव आधीपासूनच सापडते. नावांच्या या अदलाबदलीवरून फ्रेंच वैद्य जाँ आस्त्र्युक याने १७५३ मध्ये ‘उत्पत्ती’मागे एकाहून अधिक मूळ लेखने असावीत, असा तर्क मांडला. बायबलच्या आधुनिक चिकित्सेचा पाया अशा रीतीने देवाच्या नावांवरच घातला गेला. ग्रंथाबाहेरही हे नाव जुने आहे. १८६८ मध्ये आजच्या जॉर्डनमधील धिबान येथे सापडलेल्या, इ. स. पू. नवव्या शतकातल्या मेशा शिलालेखात मवाबचा राजा इस्राएलावरच्या विजयाची बढाई मारताना ते कोरवून घेतो. म्हणजे शेजारच्या शत्रूलाही ते ठाऊक होते.

या नावाचा मूळ उच्चार ‘याहवे’ असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. परंपरेने मात्र तो जपला नाही. मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या प्राचीन संग्रहातील वर्णनानुसार जेरुसलेमच्या मंदिरात योम किप्पूरच्या (प्रायश्चित्ताच्या) दिवशी महायाजक ते मोठ्याने उच्चारी आणि अंगणातले लोक साष्टांग पडत. इ. स. ७० मध्ये रोमनांनी मंदिर पाडले आणि तो प्रसंगच उरला नाही. पाठात नाव दिसले, की वाचणारा ‘अदोनाय’ (माझे प्रभू) म्हणतो. एरवीच्या बोलण्यात ‘हाशेम’, म्हणजे नुसते ‘ते नाव’. मध्ययुगात मासोरेती पाठकारांनी हिब्रू लेखनाला स्वरचिन्हे जोडली, तेव्हा या चार व्यंजनांवर ‘अदोनाय’चे स्वर चढवले. वाचणाऱ्याला तो नुसता इशारा होता. युरोपातल्या ख्रिस्ती पंडितांनी मात्र व्यंजने आणि स्वर एकत्र वाचून ‘यहोवा’ हे रूप तयार केले. जिथे ‘अदोनाय’ आणि चार अक्षरे शेजारी येतात, तिथे तोच शब्द दोनदा येऊ नये म्हणून ‘एलोहीम’चे स्वर देतात. मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांत ही दक्षता डोळ्यांना दिसते. कुमरानच्या अकराव्या गुहेतल्या स्तोत्रांच्या गुंडाळीत सगळा मजकूर त्या काळच्या चौकोनी लिपीत आहे आणि चार अक्षरे तेवढी जुन्या, वापरातून गेलेल्या हिब्रू वळणाची आहेत. ओळीत ती अशी उठून दिसतात, की वाचणारा आपोआप थबकावा.

‘एलोहीम’ साधारण २,६०० वेळा येते. व्याकरणाने ते अनेकवचन असले, तरी इस्राएलाच्या देवासाठी येते तेव्हा क्रियापद सहसा एकवचनी असते. इतर देवांसाठी मात्र तोच शब्द खरोखरच्या अनेकवचनात वापरलेला आहे. त्याचे एकवचन ‘एलोआह’ मुख्यतः ‘ईयोबा’त भेटते. ‘एल’ हे नाव सर्वांत जुन्या थरातले. सीरियातल्या उगारित येथे १९२९ पासून मिळालेल्या मृत्तिकापट्टांत एल हा देवमंडळाचा प्रमुख आहे. ‘एल एल्योन’ (परात्पर) आणि ‘एल शद्दाय’ ही नावे त्या जुन्या जगाशी धागा राखून आहेत. ‘शद्दाय’च्या व्युत्पत्तीवर एकमत नाही. ‘एज्रा’ व ‘दानीएल’ यांच्या अरामी भागांत ‘एलाह’ येते. ‘एस्तेर’च्या हिब्रू पाठात देवाचे एकही नाव नाही.

अरबीतला ‘अल्लाह’ हा या ‘एलाह’, ‘एलोआह’चाच जातभाई. ‘अल्-इलाह’ (तो देव) याचा हा संक्षेप, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ म्हणतात. काही मुस्लिम पंडितांच्या मते मात्र ते कशापासूनही न निघालेले विशेषनाम आहे. ‘इलाह’चे अनेकवचन होते, ‘अल्लाह’चे होत नाही. हे नाव इस्लामपूर्व मक्केत ठाऊक होते. प्रेषित मुहंमदांच्या वडिलांचे नावच अब्दुल्लाह होते. ‘रहमान’ (परमदयाळू) या नावाची गोष्ट वेगळी. दक्षिण अरबस्तानातल्या हिम्यर राज्याच्या एकेश्वरी शिलालेखांत ‘रहमानन’ आढळते, मक्केच्या कुरैशांना मात्र ते परके वाटे. इ. स. ६२८ मध्ये मुहंमदांशी हुदैबियाचा तह लिहिताना कुरैशांचा प्रतिनिधी सुहैल इब्न अम्र याने ‘रहमान’ या शब्दालाच हरकत घेतली आणि मजकूर बदलावा लागला. कुराणाच्या सतराव्या सूरेत अल्लाह म्हणा किंवा रहमान म्हणा, सर्व सुंदर नावे त्याचीच, अशा आशयाचे वचन आहे. ते या पार्श्वभूमीवर वाचले म्हणजे त्याला धार येते.

या ‘सुंदर नावां’ची (अल्-अस्मा अल्-हुस्ना) संख्या नव्याण्णव, शंभराला एक कमी, असे बुखारी व मुस्लिम यांच्या हदीस-संग्रहांत (प्रेषितवचनांच्या संग्रहांत) आले आहे, पण तिथे यादी नाही. सर्वत्र पाठ केली जाणारी यादी तिर्मिझीच्या संग्रहातली, आणि ती देताना खुद्द तिर्मिझीनेच तिच्या परंपरेविषयी शंका नोंदवली. इब्न माजाची यादी निराळी आहे. नावे नव्याण्णवच आहेत, असे मात्र बहुतेक पंडित मानत नाहीत. ‘अल्-इस्म अल्-आझम’ म्हणजे सर्वांत थोर नाव कोणते, याची चर्चाही जुनी आहे. या एका जागी इस्लाम हिब्रू परंपरेच्या गूढतेजवळ येतो. एरवी नावे उघडी आहेत. ती तस्बीच्या मण्यांवर मोजतात, मशिदींच्या भिंतींवर कोरतात. कुराणाच्या ११४ सूरांपैकी ११३ सूरांच्या आरंभी ‘अल्लाह, रहमान, रहीम’ ही तीन नावे येतात. आयतींच्या शेवटी ‘गफूर रहीम’, ‘अझीझ हकीम’ अशा जोड्या येतात आणि यमकाचे कामही करतात.

जुळणारी नावे ५९ व्या सूरेच्या अखेरीस दाटीने भेटतात : ‘मलिक’ आणि हिब्रू ‘मेलेख’ (राजा), ‘कुद्दूस’ आणि ‘कादोश’ (पवित्र), ‘सलाम’ आणि ‘शालोम’ (शांती), ‘बारी’ आणि ‘बोरे’ (निर्माता). ‘शास्ते’ ग्रंथात गिदोनाने बांधलेल्या वेदीच्या नावातही ‘शालोम’ आहे. ‘रहीम’ला ‘रहूम’ हा जोडीदार. दोन्हींचा धातू रहम, आणि गर्भाशयाचा शब्दही त्यातूनच निघालेला. पण दर्जा सारखा नाही. तल्मूद या यहुदी धर्मशास्त्राच्या ग्रंथात ‘एल’, ‘एलोहीम’, ‘शद्दाय’ यांसारखी नावे एकदा लिहिली की खोडू नयेत, असा नियम आहे. ‘रहूम’, ‘हन्नून’ (कृपाळू) ही मात्र विशेषणे, ती खोडली तरी चालतात. इस्लाममध्ये ‘रहमान’ हे अल्लाहखालोखाल ईश्वराचे स्वतःचे नाव, ते माणसाला लावत नाहीत. दोन परंपरांतला सर्वांत बोलका फरक मला इथे दिसतो. काही नावे एकीकडेच आहेत. हिब्रू ग्रंथात देव क्वचित ‘पिता’ही आहे, कुराण ते संबोधन टाळते आणि ‘रब्ब’ (पालनकर्ता, स्वामी) वापरते. ‘अब्राहामाचा देव’ असे नात्याने बांधलेले नावही नव्याण्णवांच्या यादीत नाही.

माणसांच्या नावांत ही ईश्वरनामे मुरली आहेत. हिब्रू ‘ओबद्या’ आणि अरबी ‘अब्दुल्लाह’ यांचा अर्थ एकच, देवाचा सेवक. ‘एलियाहू’त ‘एल’ही आहे आणि चार अक्षरी नावाचे संक्षिप्त ‘याहू’ही, जे नाव पूर्ण उच्चारायचे नाही, ते तुकड्याने रोज हाक मारण्यात येते. कोकणातल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजात हे नाव असलेला संदेष्टा, एलियाहू हन्नाबी, विशेष मानाचा आहे. त्याच्या नावाने गूळ-खोबरे घातलेल्या गोड पोह्यांचा आणि फळांचा मलिदा करतात, आणि अलिबागजवळच्या खंडाळे येथे तो प्रकटला, अशी त्यांची श्रद्धा आहे. मुस्लिम नावांत उलटी ओढाताण होते. ‘अब्दुल रहमान’ला लोक सरसकट ‘रहमान’ म्हणतात, ते धर्मपंडितांना खटकते. नुसते ‘अब्दुल’ म्हणजे तर ‘चा सेवक’, एवढेच उरते.

नावे ही ईश्वराचे गुण सांगतात, मग एकत्वाचे काय, हा प्रश्न दोघांनाही पडला. इस्लाममधील मुअतझिली पंथाने ईश्वराच्या मूळ तत्त्वाहून वेगळे गुण नाकारले. अश्अरी पंथाने गुण अनादी मानले, ते ईश्वराशी एकरूपही नाहीत आणि वेगळेही नाहीत, अशी मांडणी केली. गझाली (मृत्यू ११११) याने नव्याण्णव नावांवर ग्रंथ लिहून प्रत्येक नावातून माणसाने कोणता गुण अंगी बाणवावा, ते सांगितले. यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिदीस (मृत्यू १२०४) याच अरबी वादांत घडला. त्याच्या मते सर्व नावे ईश्वराच्या कृतींवरून पडलेली, फक्त चार अक्षरी नाव त्याच्या स्वरूपाचे. हे त्याने अरबीत, पण हिब्रू लिपीत लिहिले. त्याच्याही आधी सादिया गाओन (मृत्यू ९४२) याने तोराचे अरबी भाषांतर करताना चार अक्षरी नावाच्या जागी सरळ ‘अल्लाह’ लिहिले, आणि अरबीभाषक यहुद्यांनी ते शतकानुशतके वाचले. अरब ख्रिस्ती आजही देवाला अल्लाहच म्हणतात. मराठी बायबलात ‘एलोहीम’साठी ‘देव’ आणि चार अक्षरांसाठी ‘परमेश्वर’ येते. मराठी मुसलमानांच्या तोंडी ‘अल्लाह’इतकाच फारसी ‘खुदा’ही असतो, जो नव्याण्णवांच्या यादीत कुठेच नाही.